सागरसंशोधनाची कर्मशाळा

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा शेकडा ७१ भाग समुद्राने व्यापलेला आहे, हे आपण शाळेत पाठ करतो. पण ह्या समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे, आणि सूर्यप्रकाश त्यांतील जेमतेम पहिल्या दोनशे मीटरपर्यंतच पोहोचतो, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात ठेवीत नाही. उरलेला सारा अंधार आहे. त्या अंधारात पाणी कोणत्या दिशेने वाहते, किती गार आहे, किती खारे आहे, ह्या प्रश्नांशी बेळगावच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी ताटातल्या भाताइतका जवळचा आहे. मृगाचा पाऊस वेळेवर येतो की पाठ फिरवतो, हे पुष्कळ अंशी अरबी समुद्र आणि हिंदी महासागर ह्यांनी साठवलेल्या उष्णतेवर अवलंबून असते. आणि ती उष्णता इकडून तिकडे नेण्याचे काम समुद्रातील प्रवाह करतात.

ह्या प्रवाहांची माहिती मिळवणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे वर्तमानपत्रांतून अधूनमधून छापून येतात. परंतु ज्या यंत्रांच्या साहाय्याने त्यांना ती माहिती मिळते ती यंत्रे कोण बनवितो, कशी बनवितो, हा विषय सहसा कोणी काढीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच काढणार आहोत. न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत त्याला जागा का असावी, हे लेखाच्या शेवटी आपोआप स्पष्ट होईल.

समुद्राचा स्वभाव

शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप कारखान्यात हजारोंनी तयार होतो, कारण त्याला हजारो गिऱ्हाइके असतात. चार हजार मीटर खोलीवरच्या पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राला मात्र साऱ्या जगात मोजून दहा-वीस गिऱ्हाइके. असे यंत्र बाजारात आयते मिळणार कोठून? म्हणून सागरसंशोधनाच्या बहुतेक मोठ्या संस्थांनी आपल्या आवारात स्वतःची कर्मशाळा ठेवली. तिच्यात लेथ, छिद्रण यंत्र, वेल्डिंगचे सामान आणि ते चालविणारे कसबी कारागीर असत. शास्त्रज्ञाने प्रश्न आणावा, कारागिराने धातू हातात घ्यावा आणि दोघांनी मिळून वस्तू घडवावी, अशी ही रीत आहे.

ही वस्तू घडविणे सोपे नसते, कारण समुद्र कोणाचीही चूक पोटात घालीत नाही. पहिली अडचण दाबाची. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की दाब हवेच्या एका पूर्ण दाबाइतका वाढतो. म्हणजे दोन हजार मीटर खोलीवर आपल्या बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे दोन क्विंटलांचा भार पडतो. यंत्राच्या डब्याला कोठे केसाएवढी फट राहिली, तरी पाणी पिचकारीसारखे आत घुसते आणि महिन्यांचे काम क्षणात संपते.

ही फट बुजविण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. डब्याच्या झाकणाला गोल चर पाडून त्यात रबराची कडी बसवितात. कारागीर तिला ओ-रिंग म्हणतात. बाहेरून पाण्याचा दाब वाढू लागला की तोच दाब ह्या कडीला चराच्या कडेशी अधिकाधिक घट्ट रेटतो. म्हणजे शत्रूच्याच बळाने दार अधिक घट्ट लागते! परंतु ह्यासाठी चराची रुंदी, खोली आणि गुळगुळीतपणा अगदी काटेकोर हवा. चरात वाळूचा कण अथवा डोक्याचा एक केस पडला, तरी सारे मुसळ केरात. म्हणून झाकण बसविणारा माणूस आधी हात धुतो, कडी डोळ्यांसमोर धरून बोटांनी चाचपतो, तिला ग्रीसचा पातळ हात देतो आणि मगच झाकण आवळतो.

दुसरी अडचण मिठाची. खाऱ्या पाण्यात दोन निरनिराळे धातू एकमेकांस लागून ठेवले की त्यांची जणू विजेची बॅटरीच बनते आणि त्यांतला एक धातू झपाट्याने झिजू लागतो. ह्यावर उपाय म्हणून यंत्राला मुद्दाम जस्ताचा तुकडा जोडतात. झिजण्याचे भोग तो आपल्या अंगावर घेतो आणि मूळ धातू वाचवितो. तिसरी अडचण निरोपाची. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात थोड्याच अंतरात विरून जातात. तेथे निरोप्याचे काम ध्वनीच करू शकतो, कारण पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो.

परांचीच्या नळ्या

ह्या साऱ्या अडचणींवर अल्प खर्चात मात कशी करता येते, ह्याचे आमच्या आवडीचे उदाहरण इंग्लंडातील आहे. सरे परगण्यातील वर्मली गावी तेथील राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था होती. १९५४ साली जॉन स्वॅलो हे तरुण शास्त्रज्ञ तेथे रुजू झाले. त्यापूर्वी १९५० ते १९५२ ह्या काळात 'चॅलेंजर' जहाजाच्या सफरीत समुद्रतळाची रचना ध्वनिलहरींनी तपासण्याचे काम त्यांनी केले होते. आता त्यांच्यापुढे प्रश्न आला तो खोल पाण्याचा वेग मोजण्याचा. जहाजावरून दोराने यंत्र सोडावे, तर जहाज स्वतःच वाऱ्याने आणि लाटांनी सरकते. मग मोजलेला वेग पाण्याचा की जहाजाचा, हे ठरवायचे कसे?

स्वॅलो ह्यांनी दोर सोडूनच दिला. ठरावीक खोलीपर्यंत बुडेल, तेथेच थांबेल आणि पाण्याबरोबर वाहत जाईल, अशी एक वस्तू बनवायची, आणि ती कोठे आहे हे तिच्याच आवाजावरून ओळखायचे, असा त्यांचा बेत होता.

बुडणारी वस्तू अर्ध्या वाटेत थांबते कशी, हे समजण्यासाठी घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग आम्ही वर्गात नेहमी दाखवितो. साध्या पाण्यात अंडे बुडते. पाण्यात मीठ विरघळवीत गेले की ते तरंगते. आता एका काचेच्या भांड्यात खाली दाट खारे पाणी घालून त्यावर अलगद, पळीपळीने, साधे पाणी ओतावे. त्यात सोडलेले अंडे वरच्या पाण्यातून बुडते, खालच्या पाण्यावर तरंगते आणि मधोमध लोंबकळत राहते. पाण्याची दाटी जेथे त्याच्या स्वतःच्या दाटीइतकी होते, तेथे ते थांबते.

समुद्रात ही दाटी मुख्यतः दाबामुळे वाढते. पाणी दाबता येत नाही असे आपण व्यवहारात म्हणतो, पण ते तंतोतंत खरे नाही. हजार मीटर खोलीवरचे पाणी वरच्यापेक्षा जवळजवळ अर्धा टक्का अधिक दाट झालेले असते. आता पाण्यापेक्षा कमी दबणारी अशी एक बंद नळी घेतली आणि ती पृष्ठभागावरच्या पाण्यापेक्षा अगदी किंचित जड ठेवली, तर ती बुडू लागेल. जसजशी खाली जाईल तसतसे भोवतालचे पाणी तिच्यापेक्षा अधिक वेगाने दाट होत जाईल, आणि एका खोलीवर दोघांची बरोबरी होऊन नळी तेथेच स्थिर राहील.

ही नळी स्वॅलो ह्यांना मिळाली ती इमारतीच्या परांचीसाठी वापरतात त्या अॅल्युमिनियमच्या नळांत. पण त्या नळांची भिंत जाड असल्यामुळे ते जड होते आणि थेट तळ गाठण्याचा धोका होता. भिंत फार पातळ केली तर दाबाने नळी चेपण्याची भीती. लेथवर एवढी लांब नळी सारखी तासणेही कठीण. तेव्हा त्यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा उपयोग केला. अॅल्युमिनियम त्यात विरघळते. नळ्या त्या द्रावणात बुडवून त्यांच्या भिंती हव्या तितक्या पातळ केल्या. मग तीन मीटर लांबीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी बांधल्या. एक नळी तरंगण्याचे बळ देई. दुसरीत बॅटऱ्या आणि ठरावीक काळाने टक्-टक् असा ध्वनी काढणारे यंत्र बसविले होते. ह्यानंतरचे काम सोनाराचे. सगळी जोडणी पाण्यात तोलून तिचे वजन ग्रॅमाच्या हिशोबात जुळवावे लागे, कारण एका ग्रॅमाची चूक झाली तरी नळी ठरवलेल्या खोलीपासून कित्येक मीटर खाली-वर थांबणार.

१९५५ साली 'डिस्कव्हरी २' ह्या जहाजावरून पोर्तुगाल-स्पेनच्या पश्चिमेच्या समुद्रात ह्या तरंड्यांची परीक्षा झाली. जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकांस पाण्यातला आवाज टिपणारी यंत्रे सोडली होती. आवाज एका टोकास आधी आणि दुसऱ्यास मागून पोहोचे. त्या अल्प फरकावरून तरंडा कोणत्या दिशेस आहे हे काढता येई. युक्ती साधली. आज हे साधन त्यांच्याच नावाने 'स्वॅलो तरंडा' म्हणून ओळखले जाते.

नळ्यांनी काय सांगितले

अमेरिकेतील सागरवैज्ञानिक हेन्री स्टॉमेल ह्यांनी त्याच सुमारास गणिताच्या आधारे एक भाकीत केले होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत गल्फ स्ट्रीम हा प्रचंड उष्ण प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्याच्या खाली, खोल समुद्रात, उलट दक्षिणेकडे जाणारा थंड प्रवाह असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. असा प्रवाह कोणी पाहिलेला नव्हता. १९५७ साली 'डिस्कव्हरी २' आणि अमेरिकेचे 'अटलांटिस' ही दोन जहाजे साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर एकत्र आली. स्वॅलो आणि वुड्स होल येथील व्हॅलेंटाइन वर्दिंग्टन ह्यांनी तरंडे सोडले, आणि खोल पाण्यातले तरंडे दक्षिणेकडे सरकू लागले. कागदावरचे भाकीत नळ्यांनी खरे करून दाखविले.

परंतु निसर्ग नेहमीच आपल्या अपेक्षेप्रमाणे वागतो असे नाही. १९५९-६० साली 'एरिज' ह्या लहानशा शिडाच्या जहाजावरून बर्म्युडाजवळ पुन्हा असेच तरंडे सोडले. तेथे खोल पाणी अगदी सावकाश आणि एकाच दिशेने सरकत असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तरंडे कित्येक पटींनी वेगाने, आणि तेही कधी इकडे कधी तिकडे जाऊ लागले. त्यातून समजले ते असे की, आकाशात जशी वादळे फिरतात तसे खोल समुद्रातही शेकडो किलोमीटर व्यासांचे भोवरे फिरत असतात. समुद्रालाही स्वतःचे हवामान आहे, ही मोठी जाणीव विज्ञानाला परांचीच्या नळ्यांनी करून दिली.

स्वॅलो ह्यांचा आपल्या समुद्राशीही संबंध आला. १९५९ ते १९६५ ह्या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. तिच्यात १९६४ च्या पावसाळ्यात स्वॅलो 'डिस्कव्हरी' ह्या नव्या जहाजावरून सोमालियाच्या किनाऱ्याजवळ गेले. तेथील प्रवाह उन्हाळ्या-पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर जोराने उत्तरेकडे धावतो आणि हिवाळ्यात तोंड फिरवितो. ज्या वाऱ्यांनी तो प्रवाह धावतो तेच वारे पुढे सह्याद्रीवर पाऊस पाडतात.

तेलाच्या थेंबावर प्रवास

स्वॅलो ह्यांच्या तरंड्यात एक उणीव होती. त्याचा आवाज थोड्याच अंतरापर्यंत ऐकू येई, म्हणून जहाजाला सतत त्याच्या मागे राहावे लागे. अटलांटिकच्या पलीकडे वुड्स होल येथे डग वेब ह्या इंजिनियराने टॉम रॉस्बी ह्या शास्त्रज्ञाबरोबर ही उणीव दूर करण्याचे काम हाती घेतले. समुद्रात एका विशिष्ट खोलीवर ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो. त्या थरात सोडलेला खर्जातला आवाज वर किंवा खाली निसटत नाही. जणू लांब बोगद्यातून जावा तसा शेकडो मैल जातो. ह्या गुणाचा उपयोग करून त्यांनी असे तरंडे बनविले की ज्यांचा आवाज दूर किनाऱ्यावर बसूनही ऐकता येई.

१९८२ साली वेब ह्यांनी मॅसॅच्युसेट्समधील ईस्ट फाल्मथ येथे स्वतःची कर्मशाळा काढली. पुढे कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे रस डेव्हिस ह्यांच्याबरोबर त्यांनी जो तरंडा घडविला, तो आपण होऊन वर येऊ शकत असे. त्याची युक्ती आर्किमिडीजच्या नियमावर आधारलेली आहे. तरंड्याच्या आत तेल असते आणि बाहेर एक रबरी पिशवी. पंपाने आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की तरंड्याचे वजन तेवढेच राहते, पण आकारमान वाढते. आकारमान वाढले म्हणजे अधिक पाणी बाजूस सारले गेले. म्हणून तरंडा वर येतो, उपग्रहाला आपला पत्ता कळवितो, तेल परत आत घेतो आणि पुन्हा बुडी मारतो. जहाज घरी गेले तरी त्याचे काम चालू राहते.

ह्याच कल्पनेला पंख लावले तर? वर-खाली होताना पंखांमुळे यंत्र थोडे थोडे पुढेही सरकेल, जशी उंचावरून सोडलेली घार पंख न हलविता दूर जाते. वेब ह्यांचे स्नेही स्टॉमेल ह्यांनी १९८९ साली एका लेखात अशा शेकडो यंत्रांनी भरलेल्या भावी काळाचे चित्र रंगविले. एकट्याने जलपर्यटन करून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी जोशुआ स्लोकम ह्यांचे नाव त्या यंत्राला दिले. १९९१ साली पहिल्या चाचण्या झाल्या. १९९२ च्या आरंभी स्टॉमेल वारले. पुढचे काम कर्मशाळेने चालू ठेवले.

ह्या जातीच्या एका यंत्राची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थ्यांनी असे यंत्र अटलांटिक पार करण्यासाठी २००८ साली सोडले. पाच महिने प्रवास करून अझोर्स बेटांच्या आसपास ते हरवले. विद्यार्थी खचले नाहीत. २७ एप्रिल २००९ रोजी त्यांनी दुसरे यंत्र सोडले. त्याचे नाव 'स्कार्लेट नाइट'. माणसाच्या चालीपेक्षाही मंद गतीने, वर-खाली डुबक्या मारीत, अंगावर चिकटलेल्या समुद्रजीवांचे ओझे वाहत ते २२१ दिवसांनी स्पेनच्या किनाऱ्याशी पोहोचले. ४ डिसेंबर २००९ रोजी स्पॅनिश जहाजाने त्याला उचलून घेतले. तेथून जवळच्या बायोना बंदरात १४९३ साली कोलंबसाच्या ताफ्यातील 'पिंटा' जहाज परतले होते. जहाजावर माणसे होती. ह्या यंत्राच्या पोटात बॅटऱ्या, आणि प्रत्येक जोडावर कोणा कारागिराच्या हाताची खूण.

हैदराबाद आणि दोना पावला

आज 'आर्गो' नावाच्या आंतरराष्ट्रीय योजनेखाली तेलाच्या युक्तीवर चालणारे सुमारे चार हजार तरंडे जगातील समुद्रांत फिरत आहेत. ते साधारण हजार मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना वाटेतील पाण्याचे तापमान व खारटपणा मोजून उपग्रहामार्फत कळवितात. ही माहिती कोणालाही विनामूल्य मिळते. भारत ह्या योजनेत सहभागी आहे, आणि आपल्या वतीने ते काम हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पाहते. १९९९ साली स्थापन झालेले हे केंद्र मच्छीमारांना मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे हे कळविते. आणि २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ सालापासून, तशा संकटाची पूर्वसूचना देण्याचे कामही तेथूनच होते.

त्याहून जवळचे उदाहरण आमच्या चोर्ला घाटापलीकडचे आहे. हिंदी महासागर मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. तेथील उपकरण विभागाने समुद्राची पातळी मोजणारी यंत्रे स्वतः बनविली, आणि लिस्बनच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने 'माया' नावाचे पाण्याखाली आपण होऊन चालणारे छोटे वाहन घडविले. बेळगावहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला जेथे पोहोचतो, तेथे हे काम होते.

आपल्या घरांतील कारागीर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वर सांगितलेल्या प्रत्येक यंत्रामागे गणित जाणणारा एक माणूस दिसतो. पण गणिताने रबरी कडीचा चर पडत नाही. तो लेथवर बसलेल्या माणसाला पाडावा लागतो. आणि लेथवर बसलेली माणसे आपल्या बेळगावात काही थोडीथोडकी नाहीत. उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रशाळा दूरवर नावाजलेल्या आहेत. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले तेथे टर्नर, फिटर, वेल्डर म्हणून काम करतात. मायक्रोमीटर हातात धरून केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक ओळखणारी त्यांची बोटे आम्ही पाहिली आहेत.

तरीही मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेला की आईबाप ती गोष्ट हळू आवाजात सांगतात, आणि महाविद्यालयात गेला की पेढे वाटतात. पदवीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. आम्ही स्वतः पदवीच्याच आधारावर उपजीविका करतो. परंतु हाताचे काम म्हणजे बुद्धी कमी पडलेल्यांचे काम, ही समजूत आमच्या मुलांचे मोठे नुकसान करीत आहे. तिच्यामुळे यंत्राची आवड असलेला मुलगा नको त्या विषयात दोन-तीन वर्षे घालवितो, आणि जो लेथवर बसतो तो त्रिकोणमिती आणि पदार्थविज्ञान आपल्यासाठी नाहीच असे मानून वही मिटतो. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून न्यासाच्या चालकांपुढे ह्या महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही तीन साध्या सूचना ठेवीत आहोत. शिष्यवृत्तीच्या रकमेतील ठरावीक हिस्सा दरवर्षी औद्योगिक प्रशिक्षण आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा, आणि गुणगौरवाच्या समारंभात त्यांना पदवीधरांच्याच ओळीत बसवावे. काम करून संध्याकाळी शिकू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी गणित व आरेखनाचा वर्ग न्यासाच्या जागेत भरवावा. शिकविण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी विनामोबदला करू. आणि वर्षातून एकदा, रीतसर परवानगी काढून, मुलांची एक तुकडी दोना पावला येथे न्यावी, म्हणजे आपल्या शेजारच्या वर्कशॉपात दिसतो तसाच लेथ समुद्राचे कोडे सोडविण्याच्या कामीही लागतो, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहता येईल.

पहिल्या सहलीचे भाडे किती होईल ह्याचा अंदाज आम्ही काढून ठेवला आहे. तो वार्षिक सभेपुढे मांडू. सभासदांनी आपली मुले, आणि विशेषतः आपल्या मुली, त्या यादीत आधीच घालाव्यात, एवढी विनंती.